साथीला कंप्युटर

लातुरात चौकाचौकात गुणवंत पोरांच्या फोटोंचे फलक चढत होते, त्या काळात त्या फलकांना लागणारं संगीत मी पुरवत होते. केबलवर क्लासेसच्या जाहिराती लागायच्या. आधी ढग गडगडल्यासारखं काहीतरी व्हायचं, मग शंभरेक व्हायोलिनं एकदम उसळायची आणि एक भारदस्त पुरुषी आवाज विचारायचा, तुमच्या पाल्याला डॉक्टर करायचं आहे ना? ती शंभर व्हायोलिनं माझी. फिजिक्सच्या एका क्लासच्या तळमजल्यावर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून माझी खोली होती. त्यात एक कंप्युटर, एक किबोर्ड आणि मी. दारावर मी हौसेनं 'स्टुडिओ' असं रंगवून घेतलं होतं. पोरं त्याला फोटो स्टुडिओ समजून पासपोर्ट फोटो काढायला यायची. कितीजणांना परत पाठवणार? शेवटी मी एक कॅमेराही घेऊन ठेवला.

व्हायोलिनांचं गुपित साधं होतं. परदेशात कुणीतरी चांगले वादक बसवून त्यांच्याकडून एकेक स्वर वाजवून घेतलेला असतो. हळू, जोरात, लांब, तुटक, सगळ्या तऱ्हेनं. ते स्वर कंप्युटरात भरून ठेवलेले. आपण किबोर्डची पट्टी दाबली की आतला तो स्वर बाहेर येतो. आमच्या धंद्यात त्याला सॅम्पल म्हणतात. मी त्याला तयार पीठ म्हणायचे. घाईच्या वेळी उत्तम, फक्त पाहुण्यांना सांगू नये.

वरचा क्लास ज्यांचा होता ते सर माझे पहिले गिऱ्हाईक. मूळचे किल्लारीच्या बाजूचे. माझं गावही त्याच पट्ट्यातलं. भूकंप झाला तेव्हा ते कॉलेजात होते आणि मी शाळेत. त्याबद्दल आम्ही कधी एकमेकांशी बोललो नव्हतो. आमच्याकडे त्या विषयावर फारसं कुणी बोलतच नाही, कोण कुठल्या गावचं एवढं कळलं की पुरतं. अशा या सरांनी एके दिवशी खाली येऊन सांगितलं, की मी पिक्चर काढायलोय. मला वाटलं, क्लासची जाहिरात. पण तो खराच पिक्चर निघाला. भूकंपानंतर नवीन गावात राहायला गेलेल्या माणसांचा.

त्यात एक प्रसंग होता. सरकारनं बांधून दिलेल्या नव्या घरात एक बाई पहिल्यांदा झोपायला जाते. छताकडे बघते. उठते, आपली खाट ओढत अंगणात आणते. शेजारीण बघते, तीही खाट ओढते. मग समोरचा म्हातारा, मग पलीकडचं घर, असं करत अख्खी गल्ली उघड्यावर येऊन झोपते. सगळी नवीकोरी घरं आत रिकामी. त्या प्रसंगात एक शब्द नव्हता. जे काही सांगायचं ते संगीतानं.

हे सरांनी कल्पनेनं लिहिलेलं नव्हतं, आम्हा सगळ्यांकडे असंच झालेलं. माझी आई त्यानंतर कधीही बंद दारामागे झोपली नाही. लातूरला माझ्याकडे राहायला आली तरी तिचं अंथरूण दाराच्या उंबऱ्याशी. लग्नाला गेली तर कार्यालयाच्या दारातली खुर्ची. चपला पायाशी, तोंड बाहेरच्या बाजूला. बाहेर पडायला लोकांना किती वेळ लागेल याचा तिचा हिशोब कायम चालू असायचा. मी कितीदा चिडले असेन. तिनं कधी वाद घातला नाही, फक्त जागा सोडली नाही.

तर मी त्या प्रसंगाला झटून संगीत केलं. एका व्हायोलिननं सुरुवात, मग दुसरं, मग तिसरं, आणि गल्ली भरली की शंभर. सरांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "मॅडम, राग धरू नका. हे लई गुळगुळीत हाय."

"म्हणजे?"

"माझ्या वर्गात हजेरी घेतली तर 'यस सर' म्हणायलासुद्धा पोरं पुढंमागं होतेत. तुमची ही शंभर माणसं एकदम श्वास घेतेत अन् एकदम सोडतेत. अशी माणसं असतेत का कुठं?"

"जाहिरातींत तर हेच वाजतंय की!"

"जाहिरातीत चालतंय. तिथं समदंच तसलं असतंय," सर शांतपणे म्हणाले. स्वतःच्याच जाहिरातीबद्दल! पुढे म्हणाले, की एडिटिंग संपलं की मी मुंबईला जातो, तिथं खरी माणसं बसवून वाजवून घेतात. माझा मान राखून त्यांनी सांगितलं, की बाकीचं किरकोळ संगीत तुमचंच राहू द्या.

माझं डोकं फिरलं. किरकोळ! भूकंप आमचा, खाट आमची, आणि त्यावर वाजणारं व्हायोलिन मुंबईचं? भूकंपानंतर आमच्याकडे सगळं बाहेरून आलं. ब्लँकेटं आली, तंबू आले, फोटो काढणारे आले, आमचं दुःख आम्हालाच समजावून सांगणारे आले. मी त्या वेळी परकर-पोलक्यात रांगेत उभी राहून दूधपावडर घेतलेली आहे. आता निदान आमच्या गल्लीचा सूर तरी आमच्या हातानं निघावा, एवढंच मला हवं होतं. मी सरांना म्हटलं, एडिटिंग संपेपर्यंत थांबा, खरी माणसं मी बसवते. सर म्हणाले, "बसवा की. पर जमलं न्हाई तर मी तिकीट काढणार."

खरी माणसं शोधणं हे काही हलकं काम नव्हतं. लातुरात त्या वेळी गणिताचे मास्तर रस्त्यात एकमेकांना धडकायचे, पण तारेचं वाद्य गजानं वाजवणारा माणूस मिळेना. शेवटी मी एसटी धरली.

नांदेडच्या जुन्या वस्तीत बँडची वाद्यं दुरुस्त करणारे एक चाचा होते. दुकानात सगळीकडे चेपलेली ट्रम्पेटं, आणि खुंटीला त्यांचं व्हायोलिन. आयुष्यभर कव्वालीच्या पार्ट्यांमध्ये वाजवलेलं. पहिल्या चहातच त्यांनी हैदराबादेपासून अकोल्यापर्यंतच्या सगळ्या व्हायोलिनवाल्यांना निकालात काढलं. "मेरे जैसा हात कोई के पास नै, बेटा," ते म्हणाले. आणि मग वाजवून दाखवलं. हात खरोखरच तसा होता.

चेलो, म्हणजे खर्जातलं थोरलं व्हायोलिन, तर अख्ख्या मराठवाड्यात कुणी पाहिलं नव्हतं. पण चाचांनीच सांगितलं, "वो भाईजी के पास मोर है, मोर." भाईजी म्हणजे नांदेडच्याच गुरुद्वाऱ्यात कीर्तनात वाजवणारे एक सरदारजी. तिथंच जन्मलेले, मराठी माझ्यापेक्षा अस्सल. त्यांचं वाद्य ताऊस. मोराच्या आकाराचं, पुढ्यात घेऊन गजानं वाजवायचं, आवाज खोल आणि दाणेदार. त्यांनी पहिला गज ओढला आणि मी जमिनीवर बसलेली असूनही जमीन चाचपून पाहिली.

तिसऱ्या उदगीरच्या अक्का. निवृत्त शिक्षिका, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींत सारखाच दरारा. त्या कर्नाटकी पद्धतीनं व्हायोलिन वाजवायच्या. मांडी घालून, एक पाय पुढे, व्हायोलिनचं डोकं घोट्यावर टेकवून. सीमेपलीकडच्या गावांत कुणा गायिकेची मैफल असली की अक्कांना बोलावणं असायचं. मी काम समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "स्वच्छ संडास आहे का तिथं?" मी हो म्हटलं आणि लातूरला आल्या आल्या आधी तो घासून घेतला.

रेकॉर्डिंगसाठी शांतता हवी. क्लासच्या इमारतीत शांतता म्हणजे काय विचारता! दर तासाला बॅच सुटणार, शेकडो सायकली, वर सरांचा माईक. पण लातुरात एक वेळ अशी असते की टाचणी पडली तरी ऐकू यावी. रविवारची टेस्ट. त्या दिवशी वर सगळी पोरं-पोरी दिवसभर एकामागून एक पेपर लिहीत असतात, रस्त्यावरसुद्धा कुणी हॉर्न वाजवत नाही, पालक बाहेर झाडाखाली श्वास रोखून बसलेले. आम्ही रविवार ठरवला. आईनं जुन्या साड्यांच्या शिवलेल्या सगळ्या वाकळा मी खोलीच्या भिंतींना लटकावल्या, आवाज घुमू नये म्हणून. आई स्वतः दारात बसली. कुणी येऊ नये म्हणून राखणीला बसले, असं ती म्हणाली. खरं कारण आम्हा दोघींना माहीत होतं.

तिघांच्या कानांवर हेडफोन चढवले. चाचांनी टोपी काढून पुन्हा वरून घातली, भाईजींच्या पगडीवर तो बसेना म्हणून मी त्याची दांडी मानेमागून घेतली. त्यांना माझी शंभर व्हायोलिनं ऐकू येणार आणि त्यांनी त्यावर तीच ओळ वाजवायची. हिशोब असा, की शंभर खोट्यांत तीन खरी मिसळली, की कान फसतो आणि सगळीच खरी वाटायला लागतात. शिवाय एकाच माणसाकडून तीच ओळ चार वेळा घ्यायची, दर वेळी त्याला खोलीतली जागा बदलून बसवायचं, म्हणजे एकाचे चार होतात. हे मी तिघांना समजावलं.

"एकच चीज चार बार?" चाचा म्हणाले. "बेटा, दुसरी बार वैसाच बजाया तो लोगां बोलेंगे, बुड्ढे को एकच आता."

"इथं लोक नाहीत चाचा. फक्त मशीन आहे."

"मशीन के सामने भी इज्जत है ना!"

तरी वाजवलं. दोन तास वाजवलं. मी ऐकलं. पूर्वीपेक्षा वाईट! शंभर व्हायोलिनं पुढे चाललेली आणि ही तिघं त्यांच्या मागून, अगदी किंचित उशिरा. प्रत्येक स्वराला. जणू मोठ्या मिरवणुकीच्या मागे तीन पाहुणे चपला शोधत येताहेत. मी म्हटलं, जरा लवकर घ्या. ते हो म्हणाले आणि पुन्हा तितकेच मागे. मी टक-टक असा ठोका त्यांच्या कानात सोडला. अक्कांनी हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाल्या, "हे घड्याळ आधी बंद कर."

मग माझा तोल गेला. तीन मुरलेल्या कलावंतांना मी शाळेतल्या पोरांसारखं बोलले. म्हटलं, एवढी वर्षं वाजवताय आणि एक ठोका धरता येत नाही? चाचांनी गजाचे केस सैल केले. गज सैल करणं म्हणजे दुकान बंद. तेवढ्यात वरून क्लासचा सुपरवायझर खाली आला आणि कुजबुजत म्हणाला, "मॅडम, पोरांचा पेपर चालू हाय. वरडू नका." व्हायोलिन-ताऊसची तक्रार नाही, माझ्या ओरडण्याची!

आईनं दारातूनच सांगितलं, की आधी जेवून घ्या. ज्वारीच्या भाकरी, येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी. आम्ही पाचजण वाकळांच्या खोलीत गोल करून बसलो. भाकरी मोडता मोडता अक्कांनी अगदी साधेपणानं विचारलं, "ते सगळं ठीक आहे. पण गाणारं कधी येणार?"

"कोण गाणारं?"

"अय्यो, कोण म्हणजे? आम्ही कुणाच्या मागं वाजवतोय? सकाळपासून नुसती साथ चाललीय. मुख्य गाणारं कुठाय?"

भाईजी मान हलवत म्हणाले, "मलाबी त्येच वाटलं ताई. आमच्यात कीर्तन गाणारे रागी पुढं म्हणतेत, मग आम्ही. म्होरं जायाचं न्हाई."

चाचा भाकरी खाता खाता थांबले. "कव्वाल के आगे साज गया तो कव्वाल डंडा मारता," ते म्हणाले. हे बहुधा अनुभवाचे बोल असावेत.

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. मला हसू यायला लागलं आणि थांबेचना. ही तिघंही आयुष्यभराची साथीदार. गाणाऱ्यानं जागा घेतली की तिच्यामागून अलगद तीच जागा भरायची, कधी पुढे धावायचं नाही, हा त्यांचा संस्कार. आणि मी त्यांच्या कानात माझ्या कंप्युटरची व्हायोलिनं सोडली होती! त्यांनी इमानेइतबारे त्या कंप्युटरलाच मुख्य गायक मानलं, आणि पिढ्यान् पिढ्यांच्या अदबीनं त्याच्या मागे अर्धं पाऊल ठेवून चालत राहिली. बेताल नव्हतीच ती. माझ्या मशीनला एवढा मान आजवर कुणी दिला नसेल.

मी हे त्यांना सांगितलं. आधी चाचा हसले, मग भाईजी, मग अक्काही. आईला काय झालं ते कळलं नाही, पण आम्ही हसतोय म्हणून तिनं सगळ्यांना अजून एकेक भाकरी वाढली.

जेवणानंतर मी कंप्युटरचा आवाज बंद केला. कानात फक्त तानपुऱ्याचा सूर ठेवला आणि समोर पडद्यावर तो प्रसंग लावला. म्हटलं, "आता मुख्य तुम्हीच. ती बाई खाटेला हात घालेल तेव्हा सुरू करा. साथ कंप्युटर करेल."

"कंप्युटर हमारी साथ करेगा?" चाचांना हे फार आवडलं. गज पुन्हा ताठ झाला.

पडद्यावर बाईनं खाटेला हात घातला. खोलीत चिडीचूप. खाट अंगणात आली, शेजारणीची आली, म्हाताऱ्याची आली, गल्ली झोपी गेली. कुणीही वाजवलं नाही. चाचा अक्कांकडे बघताहेत, अक्का भाईजींकडे, भाईजी डोळे मिटून वाट बघताहेत. तिघांपैकी कुणी जन्मात आधी सुरू केलेलं नव्हतं. मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. चाचा हातानं अदबीनं अक्कांना 'आप' करताहेत, अक्का मानेनं भाईजींना. तिसऱ्यांदाही गल्ली मुकाट झोपली तेव्हा अक्का कडाडल्या, "किती वेळ ती बिचारी एकटी खाट ओढणार?" आणि त्यांनी गज ओढला.

तो सूर मी कसा सांगू? त्यात थोडा राग होता, थोडी कीव होती, आणि खाट ओढताना फरशीवर होते तशी खरखर होती. अक्कांनी ओळ अर्ध्यावर आणली आणि चाचा आत शिरले. मागून नाही, शेजारून. वेगळ्या वळणानं, स्वतःच्या तोऱ्यात, दुसऱ्या घरातून दुसरी खाट यावी तसे. आणि गल्लीत माणसं वाढू लागली तेव्हा खालून ताऊस आलं. मला काहीही बदलावंसं वाटलं नाही. मी जागा बदलून चार-चार वेळा वाजवून घेतलं, आणि चाचांनी चारही वेळा वेगळं वाजवलं, आणि या वेळी मी त्यांना एका शब्दानं अडवलं नाही. सर म्हणाले होते ना, हजेरीला पोरं पुढंमागं होतात म्हणून? एकट्या चाचांनी अख्खा वर्ग उभा केला होता.

वरची टेस्ट सुटली. जिन्यावरून पोरं उतरायला लागली आणि माझ्या दाराशी थांबली. आईनं तोंडावर बोट ठेवून त्यांना तिथंच बसवलं. डॉक्टर-इंजिनियर होऊ घातलेली ती सगळी सेना जिन्याच्या पायऱ्यांवर मांडीवर पॅड ठेवून मुकाट ऐकत राहिली.

त्यानंतरचं काम माझं. माझी शंभर व्हायोलिनं मी पुसून टाकली आणि पुन्हा नव्यानं वाजवली, या वेळी त्या तिघांच्या मागून. जिथं अक्का रेंगाळल्या तिथं मीही रेंगाळले. चाचा उतावीळ झाले तिथं मागून हळूच धावले. साथ करणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. पुढच्याच्या श्वासावर कान ठेवून बसायचं आणि आपण आहोत हे जाणवू द्यायचं नाही. मी किबोर्डच्या परीक्षा दिलेली बाई, पण माझ्या त्यात खूप चुका झाल्या आणि मला खूप मजा आली.

सरांना ऐकवायचं ठरलं तेव्हा मी हट्टानं वरच्या मोठ्या वर्गात स्पीकर लावले. सर नेहमी फळ्यापाशी उभे असतात, त्या दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसले. प्रसंग संपला. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. पुसतच राहिले.

"किती माणसं बसवली?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"फेकू नका मॅडम."

"तीन. त्यातल्या दोघांनी खाली मांडी घातलेली."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "माझी आई अशीच खाट वढायची. आवाजबी असाच." मुंबईचं तिकीट काढायचा विषय पुन्हा निघाला नाही. मी जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या एकदम उतरले, आणि खाली फोटो काढायला आलेल्या एका पोराचा पासपोर्ट फोटो त्या दिवशी फुकट काढून दिला.

पिक्चर पहिल्यांदा दाखवायचा तो किल्लारीलाच, हे सरांनी आधीपासून ठरवलेलं. तिथल्या एका शाळेच्या सभागृहात, दिवसाढवळ्या. उजेड अडवायला खिडक्यांना काहीतरी हवं होतं, म्हणून माझ्या स्टुडिओतल्या वाकळा जीपमध्ये घालून नेल्या. दारं बंद करायची नाहीत, हे न सांगता सगळ्यांना माहीत होतं. दारांवर नुसत्या वाकळा सोडल्या. आईनं स्वतः दाराची वाकळ बांधली आणि तिथंच पायरीवर बसली, चपला पायाशी घेऊन. तिघं वादक पहिल्या रांगेत होते. नंतर त्यांचा सत्कार होता आणि त्यात थोडं वाजवायचं होतं, म्हणून वाद्यंही बरोबर होती. सभागृह गच्च भरलं. माणसं सतरंज्यांवर बसली, पण मधली जागा मोकळी राहिली. आमच्याकडे सभागृह नेहमी कडेनं भरतं.

पिक्चर चांगला चालला होता. तो प्रसंग आला. पडद्यावरच्या बाईनं छताकडे बघितलं, उठली, खाटेला हात घातला. आणि वीज गेली.

काळोख झाला. आधी नेहमीचा हशा झाला, वीजमंडळाच्या नावानं नेहमीचे दोन शब्द झाले. मग हशा थांबला. त्या गावातल्या माणसांनी छताचा प्रसंग बघता बघता छताखाली काळोखात बसायचं, हे सगळ्यांच्याच लक्षात एकदम आलं. एक लेकरू रडायला लागलं. सतरंज्या सरकल्या. कुणीतरी म्हणालं, "बाहेर चला." माणसं उठायला लागली. मला सर दिसत नव्हते, फक्त त्यांचा आवाज ऐकू येत होता, "बसा, बसा, काही न्हाई झालं," आणि तो आवाज कापत होता. माझं संगीत, माझी शंभर व्हायोलिनं, सगळं त्या बंद पडलेल्या स्पीकरांत अडकलेलं. माझ्या हातात काहीही नव्हतं.

आणि पहिल्या रांगेतून सूर निघाला. मला वाटलं अक्का. पण वळण कव्वालीचं होतं. ते चाचा होते. जन्मभर कुणाच्या तरी मागून वाजवत आलेले, आधी सुरू करायला कधी न धजलेले चाचा. त्यांनी कुणाला 'आप' म्हटलं नाही, कुणाची वाट पाहिली नाही. बाईनं खाटेला हात घातला होता, तिथून त्यांनी सुरू केलं. मग अक्का शिरल्या. मग खालून ताऊस आलं, आणि तो खोल आवाज सतरंज्यांखालून सगळ्यांच्या पायांना लागला. उठलेली माणसं उभीच राहिली. मग एकेक करून बसली. लेकरू गप्प झालं. मी चाचपडत जाऊन एका खिडकीची वाकळ ओढली आणि उन्हाचा एक पट्टा त्या तिघांवर पडला.

प्रसंगापुरतं वाजवून झालं तरी ते थांबले नाहीत. पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागले. तेवढ्यात वीज आली. पंखे फिरले, सरांनी धावत जाऊन पिक्चर मागे घेतला आणि प्रसंग पुन्हा लावला. स्पीकरमधून माझं संगीत आलं आणि तिघांनी गज खाली ठेवले. तीच ओळ, तीच तिघं, आणि त्यांच्यामागे माझी सगळी मेहनत. भव्य, भरलेलं. मुंबईत वाजलं असतं तरी मान खाली गेली नसती. मी अभिमानानं ताठ झाले.

मधूनच एका बाईचा आवाज आला. स्पष्ट, वैतागलेला.

"ए बाळा, ते मशीन बंद कर की गं. त्यांचं चांगलं चाललं व्हतं."

सगळं सभागृह हसलं. मी दाराकडे वळून बघितलं, कारण तो आवाज मी झोपेतही ओळखेन. पायरीवर फक्त चपला होत्या. आई दारात नव्हती. सभागृहाच्या मध्यावर, त्या मोकळ्या सतरंजीवर, दारापासून सगळ्यात लांब, छताच्या बरोबर खाली ती मांडी घालून बसली होती. अंधारात कधी उठून आत आली होती, कुणास ठाऊक. तिचं तोंड बाहेरच्या बाजूला नव्हतं, त्या तिघांकडे होतं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी आवाजाचं बटण शून्यावर आणलं. इतके दिवस खपून केलेलं माझं सगळं संगीत माझ्याच हातानं बंद केलं, आणि इतका आनंद मला कधी झाला नव्हता. पडद्यावर बाई मुकाट खाट ओढत होती. चाचांनी गज उचलला. मी जाऊन आईशेजारी बसले.